खाऱ्या आडाचं पाणी

वस्तादांच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नव्हता. उजव्या हाताला भरपूर होते. पातं तयार झालं, सहाणेवर घासून झालं, की ते डाव्या हातावरून अलगद फिरवायचं आणि केस उतरले तरच धार पास करायची, अशी त्यांची रीत होती. पण भट्टी रोज चालायची आणि केस काही रोज उगवत नाहीत. त्यामुळे पुढे पुढे ते जवळ उभ्या असलेल्या कुणाचाही हात ओढून घ्यायला लागले. मी त्यांच्या संस्थेत सेक्रेटरी म्हणून लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात माझा हात गुळगुळीत झाला. तुझ्या ऑफिसात नेमकं काय काम असतं, असं आईनं मला विचारलं होतं.

संस्था म्हणजे लोहार कारागिरांची सहकारी संस्था. तो काळच असा होता की आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस सोडून सगळ्याची सहकारी संस्था निघाली होती. दुधाची होती, कोंबड्यांची होती, एका गावात तर लग्नात बँड वाजवणाऱ्यांची होती. मग लोहारांनीच काय घोडं मारलंय, असं म्हणून आमचीही निघाली. कोळशाचा कोटा, ट्रकच्या कमानीचे जुने पाटे आणि सरकारी प्रदर्शनात एक टेबल, एवढं संस्थेमुळे मिळायचं. वस्ताद चेअरमन झाले, कारण त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलणारा दुसरा सभासद नव्हता.

या आवाजाचं थोडं सांगायला हवं. जन्म ऐरणीशेजारी गेल्यावर माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. आमचे सगळेच सभासद थोडेफार बहिरे होते आणि वस्ताद सगळ्यांत जास्त. मीटिंग भट्टीपुढे भरायची आणि गावाला ती घरबसल्या ऐकू यायची. एकदा गुप्त मतदान घ्यायचं ठरलं. प्रत्येकानं येऊन माझ्या कानात आपलं मत सांगितलं आणि मी निकाल जाहीर करायच्या आत तो नळावरच्या बायकांना कळला होता. वस्तादांना एखादी गोष्ट खासगीत सांगायची असली की ते तोंडावर हात आडवा धरायचे. हात धरला की आवाज खाली येतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

माणसांची पारख ते लोखंडावरून करायचे. सभेत छाती काढून बोलणारा पुढारी त्यांच्या भाषेत 'बिडाचा' असायचा, म्हणजे दिसायला भरभक्कम, पण आपटला की दोन तुकडे. वाकून पुन्हा सरळ होणारा माणूस 'कमानपाट्याचा'. मी बरीच वर्षं 'पत्रा' होतो. गिऱ्हाईकालाही ते आधी प्रश्न विचारायचे, की काय कापायचंय. बांधावरून भावाशी भांडून आलेल्या एकानं कुऱ्हाड मागितली, तेव्हा वस्तादांनी त्याला बिनधारेची कुऱ्हाड दिली आणि धारेसाठी चार दिवसांनी बोलावलं. चार दिवसांनी भाऊच कुऱ्हाड घेऊन आला, म्हणाला, दोघांत मिळून एकच ठेवतो.

आणखी एक नेम होता. हत्यार कुणाच्या हातात द्यायचं नाही. हातात हत्यार दिलं की देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं, हे आपल्याकडे घराघरात मानतात, पण घरात एखाद्या वेळी विसरतातही. वस्ताद विसरायचे नाहीत. ते पातं जमिनीवर ठेवायचे आणि समोरच्यानं वाकून उचलायचं, मग तो मालक असो की मामलेदार.

पण वस्तादांचं नाव तालुक्यात झालं ते या कशानं नाही. ते झालं आमच्या आडाच्या पाण्यानं.

आमची बौद्धांची वस्ती गावाच्या उगवतीला. वस्तीत एक आड होता आणि त्याचं पाणी इतकं खारं होतं की त्यात डाळ शिजत नसे. आम्ही प्यायचं पाणी लांबून आणायचो. पण वस्तादांचं म्हणणं असं, की लाल केलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करायचं, म्हणजे त्याला पाणी पाजायचं, तर ते याच आडाचं. दुसऱ्या पाण्यावर धार धरतच नाही. रोज सकाळी खांद्यावर कावड, कावडीला दोन रॉकेलचे डबे, असे ते सगळं गाव ओलांडून आमच्या वस्तीत यायचे. आमचं घर आडाला लागून. आई त्यांना चहा द्यायची. डबे भरायचे, चहा प्यायचा, आईशी ओरडून दोन शब्द बोलायचे आणि परत जायचे. लोहारानं वस्तीत बसून चहा पिणं सुरुवातीला गावात अनेकांना रुचलं नव्हतं, पण धंद्याची गरज म्हटल्यावर बोलणार काय? होता होता बेंबळीच्या बाजारात लोक 'खाऱ्या आडाचा कोयता' असं नाव घेऊन मागायला लागले.

मला याचा अभिमान होता, आणि तो लपवायचं मला कारण नाही. गावानं आमच्या वस्तीला अभिमान वाटावा असं काही ठेवलं नव्हतं. पण तालुक्यातली ज्वारी ज्या विळ्यांनी कापली जाते ते विळे आमच्या दारच्या आडाचं पाणी पितात, हे मी सोलापूरला मामाकडे शिकत असताना वर्गातल्या पोरांना सांगत असे. मॅट्रिक होऊन परतलो तेव्हा वस्ताद आईकडे आले आणि पोरगं संस्थेला द्या म्हणाले. लोहाराच्याच पोराला का नाही घेत, असं सभासदांनी विचारलं, तर म्हणाले, त्याला लिहायला बसवलं तर घण कोण मारील? मी कामाला लागल्यावर पहिलं काय केलं असेल, तर पेंटरकडून एक बोर्ड रंगवून घेतला. 'सुप्रसिद्ध खाऱ्या आडाच्या पाण्यावर पाजलेली हत्यारे'.

आमच्या संस्थेला एक शत्रू होता. तुळजापूरच्या अंगाला, तामलवाडीकडे, लोहारांची दुसरी संस्था होती आणि तिचे चेअरमन म्हणजे वस्तादांचे सख्खे साडू. दोघांच्या बायका बहिणी-बहिणी. साडवांचं ओढ्याच्या वाहत्या पाण्यावर प्रेम. साचल्या पाण्यात पाजलेलं पातं आळशी होतं, असं ते जाहीर बोलायचे. दोन्ही संस्था मुद्दाम एकाच दिवशी प्रदर्शन भरवायच्या आणि एकाच साहेबाला उद्घाटनाला बोलवायच्या. साडवांनी एका वर्षी चार माणसांनी उचलावा एवढा मोठा अडकित्ता मांडला. वस्तादांनी पुढच्या वर्षी असा चाकू केला, की तो बघायला भिंग ठेवावं लागलं. त्याच्यापुढच्या वर्षी साडवांनी सुपारी कातरताना घंटी वाजणारा अडकित्ता आणला, तेव्हा वस्ताद म्हणाले की आता हा माणूस लोहार राहिलेला नाही. घरी मात्र दोघी बहिणी एकमेकींना सगळं आधीच सांगून ठेवायच्या, आणि तरीही प्रदर्शनात प्रत्येकाला दुसऱ्याचं बघून धक्का बसायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. शेत नाही तर विळा कशाला आणि खुरपं कशाला? भट्ट्या एकेक करून विझल्या. आमचे सभासद रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागले. वस्ताद तेवढे रोज भट्टी झाडून ठेवायचे आणि कावड भरून आणायचे. गावातले गोड्या पाण्याचे आड आटले, गाव टँकरची वाट बघायला लागलं, पण आमच्या आडाला पाणी होतं, कारण ते कुणी पीतच नव्हतं.

त्यात एक बातमी आली. सोलापूरकडच्या एका साखर कारखान्याला ऊसतोडीसाठी कोयते हवे होते. मोठी ऑर्डर होती. उद्योग खात्याच्या साहेबांनी ठरवलं, की जिल्ह्याच्या गावी दोन्ही संस्थांचं एकत्र प्रदर्शन घ्यायचं, दोघांनी लोकांसमोर एकेक कोयता करायचा आणि ज्याचा सरस त्याला सगळी ऑर्डर. पहिली तारीख त्यांनी नेमकी खांडेनवमीची काढली. त्या दिवशी लोहार हत्यारांची पूजा करतो, भट्टीला हात लावत नाही. दोन्ही संस्थांनी मिळून नकार कळवला, आणि आजपर्यंत दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर. साहेबांनी तारीख पुढे ढकलली. ऑर्डर हुकली तर भट्टी मोडून टाकायची आणि आपणही खडीवर जायचं, हे वस्तादांनी मला तोंडावर हात धरून सांगितलं, त्यामुळे ते सगळ्या गावाला माहीत होतं.

प्रदर्शनाला आम्ही एस.टी.नं निघालो. ऐरण, भाता आणि हत्यारं टपावर गेली, पण पाण्याचे दोन डबे वस्तादांनी टपावर चढवू दिले नाहीत. ओलं पोतं बांधून ते दोन्ही डबे त्यांनी पायांत धरले. दुष्काळाचे दिवस, सगळी बस त्या डब्यांकडे बघत होती. शेवटी एका बाईनं पोरासाठी घोटभर मागितलं. वस्ताद तिला सांगत होते की पोराला चालणार नाही, पण पाणी द्यायला नको म्हणून हा सांगतोय असं सगळ्यांना वाटलं आणि लोक त्यांना बोलायला लागले. त्यांनी मुकाट्यानं पेलाभर काढून दिलं. पोरानं एक घोट घेतला, आईकडे बघितलं आणि सगळं तिच्याच पदरावर सोडलं. मग आमच्या डब्यांकडे कुणी बघितलं नाही.

मांडवात एका बाजूला आमचं टेबल, एका बाजूला साडवांचं. साहेब टेरिलीनच्या घट्ट पँटीत आले होते. त्यांनी सुरी बघायला मागितली, वस्तादांनी ती त्यांच्या पायाशी ठेवली. साहेब कसेबसे वाकले. पलीकडे गेले तर साडवांनीही अडकित्ता जमिनीवरच ठेवला. दोन्ही टेबलं बघून होईपर्यंत साहेबांचा चेहरा लाल झाला होता आणि त्यांनी चहा मागवला.

टँकर आला नव्हता. चहावाल्याकडे पाण्याचा थेंब नव्हता. शिपायानं इकडेतिकडे बघितलं आणि त्याला आमच्या टेबलामागे झाकून ठेवलेले दोन डबे दिसले. मी तेव्हा बोर्ड टांगत होतो आणि वस्ताद भट्टी पेटवत होते. सगळ्या पाहुण्यांना चहा मिळाला, उरलेल्या पाण्यानं कपबशा धुतल्या, आणि मांडवाबाहेरच्या तहानलेल्या माणसांनी उरलंसुरलं तोंडावर मारलं. साहेबांनी पहिला घोट घेतला आणि कप हातात धरून जरा वेळ विचार केला. दुष्काळात चहा टाकणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी तो संपवला, आणि इकडे चहात मीठ घालतात का, असं मला हळूच विचारलं. मी डब्यांकडे धावलो. दोन्ही कोरडे होते.

इकडे वस्तादांचा कोयता भट्टीत लाल झाला होता. घडवून झाला होता, आता फक्त पाणी पाजायचं बाकी. सांडशीत धरून त्यांनी तो बाहेर काढला आणि मी रिकामा डबा उलटा करून दाखवला. त्यांनी कोयता परत भट्टीत घातला. पण पातं असं किती वेळ ठेवणार? जास्त तापलं की ते जळतं, कामातून जातं. समोर दोनशे माणसं, साहेब घड्याळ बघताहेत, वर माझा बोर्ड लटकतोय. आपली धार याच पाण्यावर धरते, दुसऱ्यावर नाही, हे या माणसानं उभा जन्म सांगितलं होतं. आता दुसरं पाणी घ्यावं तर शब्द जाणार, आणि न घ्यावं तर भट्टी जाणार.

तेवढ्यात साडू उठले. त्यांचा कोयता पाजून झाला होता. आपला पाण्याचा डबा उचलून मांडव ओलांडून आले आणि तो वस्तादांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला.

"घ्या साडू. पाण्यावरनं भांडायला आता पाणीच न्हाय ऱ्हायलं."

वस्ताद हलले नाहीत. मग साडवांनी तोंडावर हात आडवा धरला. त्यांचीही समजूत तीच होती.

"कुनाला सांगू नगा," ते म्हणाले, "टँकरचं हाय. आमचा वढा आटून लई दिस झालं."

ते सगळ्या मांडवानं ऐकलं. साहेब हसायला लागले. वस्तादांनी मात्र आधी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ते माझी परवानगी मागताहेत, आणि मी नाही म्हणालो असतो तर कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. मी मान खाली घातली. चर्रर्र आवाज झाला आणि कोयता टँकरच्या पाण्यात गेला.

धार लावून झाल्यावर त्यांनी सवयीनं कोयता डाव्या हातावर फिरवला, मग साडवांचा हात ओढला. साडवांच्या हाताला तरी केस कुठले? दोघांचे डावे हात सारखेच गुळगुळीत होते. शेवटी साहेबांचा हात घेतला, आणि तिथे मात्र केस गवतासारखे उतरले. दोन्ही कोयते तोडीला लावायचे तर ऊस कुठून आणायचा? मांडवाचे उरलेले बांबू होते, त्यांच्यावर चालवले. दोन्ही कोयत्यांनी एका घावात बांबू तुटला. कोण सरस हे ठरेना म्हणून पुन्हा चालवले, पुन्हा तेच. दोघेही चेअरमन इतके पेटले की उरलेले बांबू संपल्यावर त्यांनी उभ्या मेढींकडे मोर्चा वळवला आणि मांडव एका कोपऱ्यात खाली बसला. साहेबांनी वाकूनच बाहेर येत जाहीर केलं, की ऑर्डर निम्मी-निम्मी. छाप कुणाची मारायची यावर लगेच भांडण लागलं. एका बाजूला त्यांची, दुसऱ्या बाजूला आमची, असं ठरल्यावर वर कुठली बाजू असेल यावर पुन्हा लागलं. पण भट्ट्या वाचल्या होत्या.

सगळे खूश होते, एक मी सोडून. बोर्ड मी काखेत उलटा धरला होता. टँकरच्या पाण्यावर तीच धार धरते म्हणजे आमच्या आडात काही नव्हतंच. लहानपणापासून छाती काढून सांगितलेली एकुलती एक गोष्ट खोटी निघाली होती, आणि मला रडू येत होतं.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. आमच्या पुढच्या बाकावर गावचे थोरले पाटील बसलेले. कोर्टाच्या तारखेसाठी आले होते. वस्तादांनी माझं तोंड बघितलं आणि विचारलं, काय झालं. मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, आमच्या आडाच्या पाण्यात काहीच नाही का?

वस्तादांनी तोंडावर हात आडवा धरला आणि सगळी बस ऐकायला लागली.

"काय बी न्हाय. बैल तोंड लावत न्हाय त्या पान्याला."

मग इतकी वर्षं का आलात, मी विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते असं. मी सोलापूरला मामाकडे होतो, त्या वर्षी आमच्या माणसांनी धर्म बदलला. गावानं वस्तीवर बहिष्कार टाकला. कुणी वस्तीत जायचं नाही, कुणी त्यांचं काम करायचं नाही, केलं तर त्याचं बलुतं बंद, असा निरोप पाटलांनी सगळ्या बलुतेदारांना धाडला. हे सांगताना वस्तादांनी पाटलांचं नाव घेतलं तेव्हा पाटलांच्या पाठीपासून ते हातभर अंतरावर होते. मी त्यांना कोपर मारलं. त्यांना वाटलं, मी पुढचं विचारतोय.

"सुगी तोंडावर आली," ते म्हणाले, "आन् तुमच्या लोकांचं इळं गंजाया लागलं. मान्सांच्या भांडनाचं मला काय बी न्हाय. पर माज्या हातचा इळा गंजल म्हंजे काय? मला झोप यीना. मंग म्या आवई उठवली, धार त्याच पान्यावर धरती. पान्याला तर जावंच लागतंय न्हवं? रिकामं डबं घिऊन यायचो, पान्याखाली तुमचं इळं घालून न्यायचो. दुसऱ्या दिशी धार लावून, रिकाम्या डब्याच्या तळाला घालून, माघारी. पान्यात हात घालून कोन बगतंय?"

बहिष्कार उठल्यावर बंद का केलं नाही, असं मी विचारलं. तोवर तालुक्यात नाव झालं होतं, आता बंद करून कसं चालेल, असं ते म्हणाले. आणि तुझी आई चहात आलं घालते, असंही म्हणाले.

वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक असणार, पण आईनंही मला कधी सांगितलं नव्हतं. मघाशी जो अभिमान गेला होता त्याच्या जागी काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. हा माणूस माझा कुणीच नव्हता, आणि त्या वेळी मला त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. आमचा फाटा आला. पाटील काठी टेकत उठले आणि माझ्यापाशी थांबले.

"त्येस्नी सांग," ते हळू आवाजात म्हणाले, "आमाला तवाच ठावं हुतं. डबं लई वाजायचं. निजल्यालं मानूस उठायचं."

आणि ते खाली उतरून चालू लागले. मला त्यांचा राग आला, तो आजही गेलेला नाही. रोज सकाळी ते विळे वाजताना ज्यांनी ऐकले त्यांनी वस्तादांना अडवलं नाही, हे खरं. पण बहिष्कारही तेव्हा उठवला नाही. आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवत पडून राहिले, आणि त्याला चांगुलपणा म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठरवता येत नाही.

पाटील काय म्हणाले, असं वस्ताद विचारत होते. मी ओरडून सांगितलं. गावाला सगळं माहीत होतं, याचं त्यांना काही वाटलं नाही. पण डबे वाजायचे, हे ऐकून त्यांचा चेहरा काळवंडला. एवढं कच्चं काम आपल्या हातून झालं असेल यावर त्यांचा विश्वास बसेना.

"फडक्यात गुंडाळत हुतो म्या," ते म्हणाले. "वाजतील कसं?"

गावापर्यंत ते हेच म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कावड घेऊन आले ते चहाला बसलेच नाहीत. आईकडून दोन विळे मागून घेतले, फडक्यात गुंडाळले, एका डब्यात घातले, दोन्ही डबे आडावर भरले आणि कावड खांद्यावर घेतली. वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. प्रत्येक पावलाला डबा वाजत होता. पत्र्यावर लोखंड आपटल्याचा तो आवाज ऐकून माणसं दारात आली, पोरं गोळा झाली, कुत्री भुंकायला लागली. वस्ताद आमच्या दारात येऊन थांबले आणि आईच्या तोंडाकडे बघायला लागले.

"वाजतंय का?"

आईनं एकदा वस्तीकडे बघितलं. सगळे चूप होते.

"न्हाय वाजत, वस्ताद," आई ओरडून म्हणाली.

वस्तादांनी कावड खाली ठेवली, विळे काढून तिच्यापुढे जमिनीवर ठेवले आणि चहाची कपबशी हातात घेतली.

"म्या काय मनलो?" ते मला म्हणाले. "पाटील म्हातारा झाला. कान गेल्यात त्येचं."